दाजींची अर्ध्या पानाची दुरुस्ती

सकाळी आक्काचा फोन आला तेव्हा मी स्कूटर बाहेर काढत होतो. "मोहन, हे उठंनात रे," एवढंच ती म्हणाली आणि फोन चालूच ठेवून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली. शिवाजी पेठेतून मंगळवार पेठेत जायला कितीसा वेळ लागतो... पण त्या दिवशी रस्ता सरेना. मी पोचलो तेव्हा शेजारचे डॉक्टर पायऱ्या उतरत होते. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. दाजी कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली, कपाळाला आठी. ती रागाची आठी नव्हती. काहीतरी विचारायला तोंड उघडणाऱ्या माणसाच्या कपाळावर असते तसली होती.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. वर फोटो, खाली पदव्या, आणि शेवटी एक वाक्य : त्यांच्या संशोधनाचा संदर्भ जगभरातल्या हजाराहून अधिक शोधनिबंधांत घेण्यात आला आहे. मी एका दूध संघात संकलनाचे आकडे जुळवण्याचं काम करतो. छापलेला आकडा दिसला की तो पडताळल्याशिवाय मला पुढचं वाचता येत नाही. घरात माणसं भेटायला येत होती आणि मी एका बाजूला उभा राहून मोबाईलवर तो आकडा तपासत होतो. बरोबर निघाला. पण दाजी शेवटची काही वर्षं याच आकड्याशी भांडत होते, आणि ते भांडण काय होतं हे घरच्या दोघातिघांपलीकडं कुणाला ठाऊक नाही. ते सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळ हातकणंगले तालुक्यातल्या शेतकरी घरातले. चार भावांत नोकरीला लागलेले एकटेच, आणि नोकरीही अशी की गावात कुणाला समजावून सांगणं अवघड. लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होतो. आमचे वडील रोखठोक माणूस. बैठकीत पोह्याच्या बशा फिरत असतानाच त्यांनी विचारलं, "पावणं, तुम्ही नेमकं करता काय?"

"चुंबकाचा हिशेब करतो."

"त्याचा उपयोग काय?"

"अजून कळलं न्हाय," दाजी म्हणाले.

वडील आत येऊन आईला म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाय. देऊन टाकू."

मी त्यांचा एकुलता एक मेहुणा. तेव्हापासून दाजींनी मला कधी नावानं हाक मारली नाही. शाळेतल्या पोरालाही ते "या पावणं, बसा पावणं" म्हणायचे आणि मी चिडलो की आणखी दोनदा म्हणायचे. आमची पेठ आणि त्यांची पेठ यांच्यात फुटबॉलचं जुनं वैर. सामना असला की ते मुद्दाम माझ्याबरोबर आमच्या पेठेच्या गर्दीत येऊन बसायचे. तिथं त्यांच्या संघाचं नाव काढायची सोय नव्हती, पण त्यांना सामन्यात फारसा रसच नसायचा. ते गॅलरीकडं बघायचे. एकदा आमचा गोल झाला आणि समोरची सगळी बाजू एकदम उभी राहिली, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "ते बघा पावणं, तो खांबामागचा पिवळ्या शर्टवाला. त्याला कुणी सांगितलं उभं ऱ्हा म्हणून?"

"गोल झाला की दाजी!"

"त्याला गोल दिसला तरी का? मधी खांब हाय. त्यानं शेजारच्याकडं बघितलं आणि उठला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडं बघितलं." मग म्हणाले, "माझं चुंबक असंच असतंय."

लोखंडाच्या तुकड्यात असंख्य बारीक बारीक चुंबक असतात असं समजायचं. प्रत्येकाला फक्त लगतचे शेजारी कळतात. तुकडा फार तापलेला असला की कुणी कुणाचं ऐकत नाही, ज्याचं तोंड जिकडं तिकडं. थंड होत आला की एका ठराविक तापमानाला सगळे अचानक एका दिशेला वळतात. हुकूम द्यायला कुणी नसतं, तरी वळतात. हे का आणि नेमकं कधी होतं, याचं गणित जगभर लोक करत आलेत. दाजींचा भाग होता कडेचा. मधल्याला चार शेजारी असतात, कडेच्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोनच. मग कडेचे आणि कोपऱ्यातले एकूण तुकड्याच्या वागण्यात किती फरक पाडतात? तरुणपणी त्यांनी याचं एक सूत्र काढलं आणि परदेशी नियतकालिकात छापून आणलं. माझ्या बुद्धीला कळलं ते एवढंच. मला खरं कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं : हा माणूस रोज उठून, ज्याची वाट कुणीच बघत नाही असला हिशेब इतक्या हौसेनं कसा करतो?

वाट खरोखरच कुणी बघत नव्हतं. तो निबंध कित्येक वर्षं पडून होता. दाजी शिकवत राहिले, आणखी निबंध लिहीत राहिले. त्यांच्या हाताखाली पहिली पीएच.डी. केली ती प्रज्ञा कांबळेनं. ती पुढं त्याच विभागात शिकवायला लागली आणि आमच्या घरातलीच झाली. दाजींच्या निवृत्तीनंतर एकदा ती संगणक उघडून बसली आणि तिनं सायटेशन म्हणजे काय ते आम्हाला समजावलं. एखाद्या संशोधकानं दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतला की निबंधाच्या शेवटी त्याचं नाव, नियतकालिक, पान क्रमांक द्यायचा. असे आधार किती जणांनी घेतले याची मोजदाद आता यंत्रच करतं. दाजींच्या त्या जुन्या निबंधाचा आलेख बरीच वर्षं जमिनीला चिकटून होता आणि मग एकाएकी वर चढत गेला होता.

आक्का चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "म्हंजे किती जणांनी ह्यांचं नाव घेतलं ते व्हय? मग चांगलंच घेतलं असंल कशावरनं? नाव तर शिव्या द्यायला पण घेत्यात की."

प्रज्ञा हसली. दाजी हसले नाहीत. "हिनं बरोबर विचारलं," ते म्हणाले. "एकदम एवढे का आले ते बघाय पाहिजे."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर निबंधांच्या छापील प्रतींची चळत होती. "पावणं, तुम्हाला आकडा दिसतो. मी वाचाय लागलो की मला अर्थच दिसतोय आणि आकडा निसटतोय. तुम्ही नुसतं बघायचं, कोण माझं काय वापरतंय." मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्या निबंधात चूक होती.

कडेचा हिशेब करताना त्यांनी चारी बाजू धरल्या होत्या आणि त्या भरात कोपऱ्यातले दोन्ही बाजूंत धरले गेले होते. मला कळावं म्हणून त्यांनी आमचं स्टेडियमच घेतलं. "पूर्वेच्या बाजूची माणसं मोजली, मग उत्तरेच्या बाजूची मोजली. कोपऱ्यात बसलेला दोन्हीकडं आला की न्हाय? भरलेल्या स्टेडियमात चार माणसं इकडं तिकडं झाली तर काय बिघडत न्हाय. पण चारचार माणसांच्या बाजू असलेलं स्टेडियम घेतलं तर?" त्यांनी ज्या काळात हे लिहिलं तेव्हा सगळे मोठ्या तुकड्यांचाच विचार करत होते, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याच लक्षात आलं, तेही वर्गात फळ्यावर लहान तुकडा काढून शिकवताना. तास अर्धवट सोडून ते घरी आले होते. मग त्यांनी त्याच नियतकालिकात अर्ध्या पानाची दुरुस्ती छापून आणली.

"मग मिटलं की," मी म्हटलं.

"कुठलं मिटतंय? आता अगदी बारीक तुकड्यांवर काम करणारे लोक आलेत. त्यांना कोपराच महत्त्वाचा. ते माझा निबंध घेत्यात आणि कोपऱ्याचं सूत्र जसंच्या तसं उचलत्यात. दुरुस्ती कुणी बघतच न्हाय."

यंत्रानं दुरुस्तीच्या नावापुढं शून्य दाखवलं होतं.

त्यानंतर बरेच रविवार आम्ही त्या टेबलाशी बसलो. मी तीन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात ज्यांनी प्रस्तावनेत नुसतं नाव घेऊन ठेवलं होतं ते, दुसऱ्यात मूळ सूत्र वापरणारे, तिसऱ्यात कोपऱ्याचा भाग वापरणारे. पहिला गठ्ठा सगळ्यांत उंच झाला. कुठले कुठले लोक होते... नावं वाचताना जीभ अडखळायची आणि मी आक्काला विचारायचो, "हे कुठलं असंल गं?" ती चहा ओतता ओतता म्हणायची, "तुझ्या संघाचं दूध जात नसंल तिथलं."

एका रविवारी मला एक विचित्र गोष्ट दिसली. दाजींचा निबंध पान ४१७ वर सुरू होतो. बऱ्याच जणांनी ४७१ दिलं होतं. एखाद्याकडून अंकांची अदलाबदल होते, आमच्याकडंही रोज होते. पण एवढ्या वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची नेमकी तीच अदलाबदल कशी होईल? मी तारखांप्रमाणं निबंध लावले. सगळ्यांत जुना ४७१ वाला सापडला. त्याच्या पुढच्यांनी त्याच्याकडून घेतलं होतं, त्यांच्या पुढच्यांनी त्यांच्याकडून. मूळ निबंध उघडला असता तर पान क्रमांक डोळ्यांसमोर आला असता. तो बहुतेकांनी उघडलाच नव्हता.

हे सांगितलं तर दाजींना वाईट वाटेल म्हणून मी आधी घुटमळलो. सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आईशप्पत! ह्यांनी मला वाचलंच न्हाय. एकमेकांना वाचलंय!" आक्का स्वयंपाकघरातून डोकावली. "काय झालं?" "अगं, खांबामागची माणसं हायत ही सगळी. शेजारचा उठला म्हणून उठलेली." आणि मग हसता हसता ते थांबले. टेबलावरच्या उंच गठ्ठ्याकडं बघत राहिले. आपण आयुष्यभर ज्याचं गणित केलं ते आपल्याच नावाच्या बाबतीत घडलेलं बघणं... त्यांच्या तोंडावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. नवीन काही सापडल्यावर ते जसे गप्प होत तसे गप्प झाले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "पण पावणं, ह्यात एक वाईट हाय. मी मेल्यावर माझी चूक माझ्या नावावर चालत ऱ्हाणार, आणि दुरुस्ती माझ्याबरोबर जाणार."

त्या दिवसापासून त्यांना एकच हवं होतं. निदान एका माणसानं ती दुरुस्ती उघडून वाचावी.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या लोकांना आम्ही ईमेल लिहायला सुरुवात केली. मजकूर दाजींचा, ईमेलचा पत्ताही विद्यापीठानं दिलेला त्यांचाच, फक्त पाठवणं माझ्या मोबाईलवरून. ज्यांना लिहिलं त्यांतल्या दोघांचे पत्तेच बंद पडले होते. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं फार सभ्यपणे लिहिलं की आमच्या कामापुरता हा फरक नगण्य आहे, आणि आपल्याशी संपर्क झाला याचा आनंद आहे. दाजींनी ते दोनदा वाचून घेतलं. "नगण्य हाय हे त्यानं मोजून सांगितलं का न मोजता?" तसं त्यात कुठं लिहिलं नव्हतं. "विचारा त्याला." विचारलं. त्याचं पुन्हा उत्तर आलं नाही.

मधल्या काळात शहरातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. निमित्त अर्थातच तो आकडा. दाजींनी जाहीर केलं की आपण भाषणात चुकीबद्दल बोलणार. आक्का भडकली. "चारचौघांत आपली चूक सांगाय शाल घ्यायची व्हय? मग शाल तरी घेऊ नका."

"शाल नको म्हटलं तर माईक मिळत न्हाय," दाजी म्हणाले.

ते बोलले. स्टेडियमचं उदाहरण घेऊन, कोपऱ्यातल्या माणसांसकट सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की या आकड्यातले बरेचसे संदर्भ न वाचता दिलेले आहेत आणि जे वाचून दिलेत त्यांतले काही चुकीच्या सूत्राला दिलेले आहेत. सभागृहात मोठ्ठ्या टाळ्या पडल्या. आभार मानणारे गृहस्थ सद्गदित होऊन म्हणाले की एवढी विनम्रता आजकाल दुर्मीळ आहे. दाजी खुर्चीतल्या खुर्चीत वळून, व्यासपीठावर मागं बसलेल्या मला म्हणाले, "विनम्र काय? चुकलंय म्हणून सांगतोय की!" पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. घरी येताना ते रिक्षातून बाहेरच बघत होते. आक्कानं शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. शेवटी तिनंच विषय काढला. "मला कळलं तुम्ही काय सांगितलं ते. कोपऱ्यातला दोनदा मोजला." दाजींनी चमकून तिच्याकडं बघितलं. "मग झालं," ते म्हणाले. "एकाला तरी कळलं."

शेवटच्या वर्षी त्यांचं हृदय थकत चाललं होतं. फिरणं बंद झालं, मग जिना कमी झाला, मग रविवारच्या बैठकाही आखडल्या. मी गेलो की पहिला प्रश्न असायचा, "आलं का काय?" मी मोबाईल उघडून दाखवायचो. काहीच आलेलं नसायचं. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं नाही. माझ्या मुलीच्या नोकरीची चौकशी केली, दूध संघातल्या नव्या यंत्राची केली, ते यंत्र फॅट कशावरून ठरवतं ते खोदून खोदून विचारलं, आणि मला ते नीट सांगता आलं नाही तेव्हा म्हणाले, "बघून या आणि सांगा." मी ते बघून आलो. सांगायचं राहिलं.

दाजी गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दाजींच्या पत्त्यावर आलेलं एक ईमेल मोबाईलवर दिसलं. पाठवणारी फिनलंडमधली एक तरुण संशोधक, आम्ही लिहिलेल्यांपैकी नव्हे. तिनं दाजींना उद्देशून लिहिलं होतं. लहान तुकड्यांचा हिशेब ती संगणकावर मोजून तपासत होती आणि तो दाजींच्या सूत्राशी जुळेना, म्हणून तिनं मागं मागं जात त्यांची अर्ध्या पानाची दुरुस्ती शोधून काढली. ती वापरल्यावर आकडे जुळले. पण सगळे नाहीत. तुकड्याच्या बाजूला चुंबकांची संख्या सम असली की बरोबर येतं. विषम असली की एक बारीकसा फरक उरतो. दुरुस्तीत एक पद अजून कमी आहे का, की माझंच कुठं चुकतंय, असं तिनं विचारलं होतं. खाली पान क्रमांक होता. दुरुस्तीचा, आणि अचूक.

मी जेवणाचा डबा तसाच झाकून प्रज्ञाला फोन लावला. तिनं मजकूर वाचायला लावला, पुन्हा एकदा वाचायला लावला. "बरोबर असावी ती," ती शेवटी म्हणाली. "सरांनी फळ्यावर कायम चार बाय चारचाच तुकडा काढला. आम्ही पण तोच उतरवून घेतला. पाचचा कुणीच काढून बघितला नाही, मोहनमामा... मी सुद्धा नाही." तिला मोजून बघायला थोडे दिवस हवे होते.

संध्याकाळी मी मंगळवार पेठेत गेलो. वाटेत विचार करत होतो की आक्काला कसं सांगावं. ज्या दुरुस्तीसाठी माणूस एवढा तळमळला ती दुरुस्तीही अपुरी निघाली, हे तिला आत्ता ऐकवावं का? पण अर्धंच सांगायचं मला जमत नाही. मी ईमेल छापून नेलं होतं. ते तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं : दुरुस्ती सापडली, वापरली, जुळली, आणि मग विषम संख्येला जुळली नाही.

आक्का भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "म्हंजे ह्यांचं परत चुकलं?"

"चुकलं न्हाय, पुरं झालं न्हाय. प्रज्ञा मोजून बघतीया."

"आणि त्या पोरीनं ते पान उघडून वाचलं?"

"वाचल्याशिवाय कळलंच नसतं तिला. दोनचारदा वाचलं असणार."

आक्कानं निवडलेली मेथी टोपलीत टाकली, हात पदराला पुसले आणि कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. इंग्रजी तिला वाचता येतं, सावकाश. दाजींचं नाव आलं तिथं तिचं बोट थांबलं. मग ती म्हणाली, "तिला लिही, हे गेले म्हणून. आणि लिही की तुझं काम थांबवू नकोस, काय निघंल ते कळव. आम्ही हाय इथं."

मी तिथंच बसून ते लिहिलं. मोबाईलवरून पाठवेपर्यंत आक्का कागद घेऊन वरच्या खोलीकडं निघाली होती. वर दाजींची कामाची खोली आहे. गणितात बुडालेला माणूस दचकू नये म्हणून लग्नापासून ती त्या दाराशी आधी खाकरते, आणि आतून "हं" आलं की मगच दार लोटते. मी जिन्याच्या खाली उभा होतो. ती दाराशी थांबली, खाकरली, जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग आत गेली.